सल्ला कोणाच्या नावाने?

अकोला-अमरावतीकडे चार पाळक एकत्र बसले की चहा यायच्या आत एक वाक्य हमखास येते : "सांगून तं रायलो, पन आयकते कोन?" तरुण ऐकत नाहीत, वडील मंडळ ऐकत नाही, सोयरीक जुळवून झाल्यावर पाळकाला फक्त प्रार्थनेपुरते बोलावतात. तक्रार खोटी नाही. पण जे सांगितले ते ऐकण्याजोगेच होते, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. या अंकाचा विषय मंडळीतील समुपदेशन आहे, म्हणून त्या गृहीतकालाच आधी हात घालतो.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आपण लग्नाच्या वर्गात शिकवतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. विवाह, अविवाहित राहणे, विश्वास न ठेवणारा जोडीदार, असे आपल्या रोजच्या गृहभेटीतले प्रश्न पौल एकेक करून हाताळतो आणि दर वेळी उत्तर कोणाचे आहे ते सांगून टाकतो. एका ठिकाणी म्हणतो, ही प्रभूची आज्ञा. लगेच पुढे म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. आणखी पुढे, याविषयी मला आज्ञा मिळालेली नाही, माझे मत देतो. शेवटी तर मलाही देवाचा आत्मा आहे असे 'वाटते' एवढ्यावरच थांबतो. प्रेषिताला एवढा संकोच आणि आपल्याला अजिबात नाही! आपल्याकडे प्रत्येक सल्ला "प्रभूने मला दाखवलं" या शिक्क्यानिशी बाहेर पडतो.

बारावी झालेली मुलगी नर्सिंगला पुण्याला जायचे म्हणते. आपल्या ख्रिस्ती घरांना हा व्यवसाय नवा नाही. मिशन दवाखान्यांच्या आधाराने वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजी, आई, मुलगी अशा तीन-तीन पिढ्या परिचारिका झाल्या. पाळकाला काळजी असते ती वेगळीच : शहर मोठे, मंडळी अनोळखी, पोरगी एकटी. काळजी रास्त आहे, ती काळजी म्हणूनच सांगावी. पण आपण सांगतो, प्रभूची इच्छा नाही. मग त्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात, शिक्षण सोडणे किंवा देवाविरुद्ध जाणे. ती पुण्याला जाते. नाताळच्या सुट्टीत घरी येते तेव्हा उपासनेला येत नाही, आणि आपण म्हणतो, बघा, शहराने बिघडवली. तिला दाराबाहेर उभे आपणच केलेले असते.

याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण आपल्याच भाषेतल्या एका बाईचे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक पालक. या दोघींचा आणि इतरांचा पत्रव्यवहार जेराल्डीनबाईंनी स्वतः संकलित करून ठेवला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. समुपदेशन करणाऱ्या प्रत्येकाने हा ग्रंथ एकदा तरी वाचावा, आणि वाचताना स्वतःला रमाबाईंच्या जागी न ठेवता जेराल्डीनबाईंच्या जागी ठेवावे.

जेराल्डीन वाईट बाई नव्हत्या. प्रार्थनाशील होत्या, रमाबाईंवर आणि त्यांच्या छोट्या लेकीवर, मनोरमेवर, त्यांचा जीव होता. पण रमाबाई अंडे घातलेले पदार्थ खात नाहीत, हा त्यांना जुन्या धर्माचा अवशेष वाटला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात का नकोत, हा प्रश्न त्यांना गर्व वाटला. चेल्टनहॅमला शिकत असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांचा विरोध आला. अशाने मायदेशी त्यांच्या कामाची किंमत जाईल, हे कारण. ही मंडळीतली जाणती, देवभीरू, अनुभवी माणसे होती. रमाबाईंनी हा हस्तक्षेप निमूटपणे सोसला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून आलेली मी दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी कळवले. त्रैक्याबद्दल, अथानासी मतांगीकाराबद्दलही पटल्याशिवाय होकार दिला नाही.

त्याच काळात चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनीही रमाबाईंशी याच विषयांवर पत्रे लिहिली. त्यांनी प्रश्न विचारू दिले, उत्तरे लिहिली आणि घाई केली नाही. दोन्ही पत्रमाला शेजारी ठेवून वाचल्या की सल्ला देण्याचे दोन ढंग दिसतात. एकीला उत्तर हवे होते आणि दुसरीला उत्तरापर्यंत चालत येणारे माणूस.

पुढे काय झाले? बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, भारतात परतून शारदा सदनाचे काम करत असताना, विल्यम हॅसलम या धर्मोपदेशकाचे एक पुस्तक वाचून रमाबाईंना आपल्यात काय कमी आहे ते उमगले, आणि त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केले. १९०७ च्या त्यांच्या साक्षीत हे सविस्तर आहे. वाँटेजला दडपून जे साधले नाही ते वेळ आल्यावर झाले. आणि या वादावादीत नातेही तुटले नाही. रमाबाईंच्या घरी जेराल्डीन 'आजीबाई'च राहिल्या.

आपल्या भागाशी याचा धागा जुळतो तो जेनी फुलर यांच्यामुळे. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या कामात अकोल्याला राहिलेल्या या बाईंच्या चरित्राच्या इंग्रजी नावातच हेलन डायर यांनी अकोला घातले आहे. हिंदी स्त्रीच्या हालअपेष्टांवरचे फुलरबाईंचे पुस्तक १९०० मध्ये निघाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली रमाबाईंनी. बिशपांचे न ऐकणारी बाई पुढे मिशनरींच्या लेखनाची पाठराखीण झाली. वाँटेजचा सल्ला तिने मुकाट मानला असता तर अकोल्याच्या पुस्तकाला ही प्रस्तावना मिळाली असती की नाही, याची मला शंका आहे.

टिळकांच्या घरचेही आठवावे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. मधली पाच वर्षे त्या घराने जे सोसले ते 'स्मृतिचित्रे'त आहे. टिळक शांत स्वभावाचे नव्हते, हे ते पुस्तक वाचलेल्यांना सांगायला नको. घरातल्या साध्यासुध्या गोष्टीवरून त्यांचा पारा चढे. तरी श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही.

इथवर वाचून काही वाचक खूश होतील आणि काही चिडतील. चिडणाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे : प्रत्येक न ऐकणारा काही रमाबाई नसतो. रमाबाईंचा नकार फुकटचा नव्हता. त्या वाचत होत्या, मुद्द्याला मुद्दा लिहून पाठवत होत्या, आश्रय देणाऱ्यांची नाराजी पत्करत होत्या. आपल्याकडचा नेहमीचा नकार रहबामाच्या जातीचा असतो. त्याने आधी वडीलधाऱ्यांना विचारले, मग बरोबरच्या पोरांना विचारले, आणि मनात आधीपासून होते तेच त्यांच्या तोंडून ऐकले. आज एका पाळकाने नाही म्हटले की दुसरा, तिसरा, मग मोबाइलवरचा प्रार्थना-चॅनेल. कुणीतरी हो म्हणतोच, आणि त्यालाच देवाचा आवाज ठरवले जाते.

रहबामावर, म्हणजे पहिल्या राजांच्या बाराव्या अध्यायावर, आपण वर्षातून एकदा तरी संदेश देतो. वडीलधाऱ्यांचे ऐका, हे सांगायला तो सोयीचा आहे. त्याला लागूनच तेरावा अध्याय आहे. त्यावर संदेश दिल्याचे माझ्या फारसे ऐकिवात नाही. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती : तिथे खायचे नाही, प्यायचे नाही, आल्या वाटेने परतायचे नाही. बेथेलचा म्हातारा संदेष्टा त्याला गाठून म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा, देवदूताने मला सांगितले की तुला घरी आणावे. ते खोटे होते. तरुणाने वडिलांचा मान राखला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. वडीलधारा संदेष्टा म्हणाला म्हणून मी गेलो, ही सबब चालली नाही. हे दोन अध्याय पाठोपाठ का असावेत, याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायला हवा.

वऱ्हाडात हा तेरावा अध्याय सर्वांत जास्त घडतो तो औषधांच्या बाबतीत. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांच्या चतुर्विध शुभवर्तमानात ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे. आपल्या कितीतरी मंडळ्या याच शिकवणीवर वाढल्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हा तिचा अमूल्य वारसा आहे. पण प्रार्थनेनंतर "आता गोळ्या बंद करा, विश्वास धरा" हे वाक्य कुठून आले? क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांत बरा वाटू लागतो, पण औषध साधारणपणे किमान सहा महिने घ्यावे लागते. मधेच सोडले तर आजार औषधाला दाद देईनासा होऊन उलटू शकतो. फिट्स, साखर, रक्तदाब, मनाचे आजार यांचेही असेच. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखणे तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल, उमरीचा ख्रिस्ती दवाखाना, परतवाड्याजवळचे कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णालय ही सगळी याच भागात प्रार्थना करणाऱ्यांनीच उभी केली. औषध थांबवण्याचा सल्ला कोणीही, कितीही उपास करून दिला, तरी तो नाकारणे हेच विश्वासू माणसाचे काम. पाळकांनी हे उपासनेत उघडपणे बोलावे.

नकारानंतर आपण कसे वागतो, यावर आपल्या सल्ल्याची जात कळते. प्रेषितांच्या कृत्यांतला एकविसावा अध्याय पाहा. कैसरियात अगब संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन आपले हातपाय बांधून दाखवतो आणि यरुशलेमेत काय होणार ते सांगतो. जमलेले सगळे पौलाला रडून विनवतात, जाऊ नकोस. विनवणाऱ्यांत खुद्द लूक आहे. पौल ऐकत नाही. ते गप्प होतात, प्रभूची इच्छा म्हणतात. आपण इथेच पुस्तक मिटतो. पण त्याच्या पुढे लिहिले आहे की कैसरियातले काही शिष्य पौलाबरोबर निघाले आणि त्याला म्नासोन नावाच्या जुन्या शिष्याकडे उतरायला घेऊन गेले. ज्यांचे ऐकले नाही तेच वाटेला लागले. आपल्याकडे सल्ला मोडणाऱ्याच्या घरची गृहभेट बंद होते, त्याचे नाव प्रार्थनेच्या यादीत 'भटकलेल्यांत' जाते, कधीकधी प्रभुभोजनही थांबते. पाप केले असेल तर शिस्तीचा विषय वेगळा. पण आपले मत न मानणे हे पाप नव्हे.

आता आपल्या, म्हणजे सल्ला देणाऱ्यांच्या, ऐकण्याकडे वळतो. हा भाग काहींना झोंबेल. करिंथकरांस त्याच पत्रात, सातव्याच्या आधीच्या अध्यायात, पौल अगदी स्पष्ट बोलतो : भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, आणि कोर्टात जाण्यापेक्षा नुकसान सोसत का नाही? याहून उघड सल्ला नव्या करारात क्वचितच सापडेल. आणि आपल्या मंडळ्यांचे विश्वस्त वर्षानुवर्षे अमरावतीच्या सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. कलम २२ खालचे बदल अर्ज, त्यावर हरकती, त्यांवर अपील. निवडणूक खरी कोणाची, मिशनच्या काळातल्या जागेचा भाडेकरार कोणी केला. वकिलाची फी दानपेटीतून जाते. जिथे वचन गप्प आहे तिथे, मुलीच्या नर्सिंगबाबत, आपण देवाच्या नावाने ठाम. जिथे ते मोठ्याने बोलते तिथे आपण म्हणतो, पास्टर, व्यवहारही पाहावा लागतो. तरुण हे पाहत असतात. आयकते कोन, याचे अर्धे उत्तर त्या फाइलींत आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. हा सहावा अध्याय मारहाण झालेल्या सुनेला किंवा अत्याचार झालेल्या मुलाला गप्प बसवायला वापरू नये. पौल तिथे व्यवहारातल्या तंट्यांबद्दल बोलतो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असताना पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पाळकाला त्यातून सूट नाही. "घरातले घरात मिटवा" हा अशा वेळी देवाचा सल्ला असूच शकत नाही.

काही मंडळ्यांच्या वार्षिक सभा येत्या दोन महिन्यांत आहेत. तंटा असेल तिथे अर्ज दाखल करण्याआधी दोन्ही बाजूंनी तिसऱ्याच मंडळीतले तीन जण निवडावेत. त्यांत एक तरी स्त्री असावी, आणि ज्याचे त्या जागेशी किंवा पदाशी काही देणेघेणे आहे असा कोणी नसावा. त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. त्यात वचनाची आज्ञा कोणती आणि त्यांचे स्वतःचे मत कोणते, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. मत पटले नाही तर नाकारता येईल, पण नाकारणाऱ्यानेही कारणे लेखीच द्यावीत. ज्या मंडळ्या हे करून पाहतील त्यांनी काय जमले आणि काय फसले ते, माणसांची आणि मंडळीची नावे गाळून, आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकात त्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.