दवाखाना दारी आला, तो परत का गेला?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, आणि त्यांच्या घरच्या मायबहिणींनो,

साथ आली की आमच्या अडाणीपणाची आठवण साऱ्या शहाण्यांस होते. खेडवळ लोक तपासणीस येत नाहीत, लस टोचून घेत नाहीत, दवाखान्याचे नाव काढले की रानात पळतात, हे पुराण सन २०२० व २०२१ या करोनाच्या दोन सालांत आम्ही इतक्यांदा ऐकले की ते तोंडपाठ झाले. आता साथ ओसरून काही वर्षे लोटली. तेव्हा या शहाण्यांस एकच सवाल टाकण्याचे आम्ही योजिले आहे. लोक दवाखान्याकडे आले नाहीत, हे घटकाभर खरे धरू. पण दवाखाना लोकांकडे किती गेला? आणि जेथे गेला, तेथून तो परत का फिरला?

आम्ही खेड्यातले शिक्षक. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, शाळेस कुलूप पडले, आणि थोड्याच दिवसांत तेच कुलूप काढून वर्गखोल्यांत विलगीकरणाच्या खाटा पडल्या. आमच्या हाती खडूऐवजी पाहणीचे कागद आले. त्यामुळे आम्ही लिहितो ते ऐकीव नव्हे, डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आरंभी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात काय होते? दार एक, रांग एक. तापाने फणफणलेला गडी, सात महिन्यांची गरोदर सून आणि पायाची पट्टी बदलावयास आलेली म्हातारी, सारी एकाच बाकावर. पुढे भीती वाढली तसे फाटकच बंद झाले. ताप असेल तर तालुक्यास जा, ताप नसेल तर घरी जा! आमच्या शेजारी एक कुंभार राहतात. त्यांस साखरेचा आजार. गोळ्या संपल्या म्हणून ते पायी दवाखान्यापर्यंत गेले, तर फाटकावरूनच त्यांस परत लाविले. बाजार बंद, मडकी पडून, मग औषधाच्या दुकानात पैसे कोठून द्यावे? महिनाभर गोळ्या नाहीत. पायाची जखम चिघळली आणि शेवटी अंगठा कापावा लागला. पायाने माती तुडवून पोट भरणाऱ्या माणसाचा अंगठा! त्यांस करोना झालाच नाही. तरी करोनाच्या सालात गेलेल्या वस्तूंच्या यादीत तो अंगठा कोणी धरला काय?

हे एका कुंभाराचे दुःख नव्हे. सन २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण सरकारदप्तरी नोंदले गेले होते. सन २०२० मध्ये ती नोंद सुमारे १८ लाखांवर आली. म्हणजे काय, क्षय करोनास भिऊन पळून गेला? नाही, बाबांनो. क्षय जेथल्या तेथेच होता. शोधणारे हात दुसऱ्या कामास जुंपले होते. सहा लाख माणसे आपापल्या झोपडीत खोकत राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

पण याच दवाखान्याचे दुसरे रूपही आम्ही पाहिले, आणि ते सांगितल्याविना आमचे लिहिणे न्यायाचे होणार नाही. पुढे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नर्सबाईंस आणि आशाताईंस समोर बसवून विचारले, तुमच्या गावात कोणाचे काय अडले आहे? मग तापवाल्यांची तपासणी बाहेर लिंबाखाली, पत्र्याच्या छपरात सुरू झाली आणि बाकीच्यांस आतले दार मोकळे झाले. गरोदर बायांचा वार वेगळा ठरला. साखर व रक्तदाबाच्या गोळ्या दोन-दोन महिन्यांच्या बांधून आशाताईंच्या हाती घरपोच गेल्या. बाळांच्या लसी वस्तीवार, वेळ सांगून, शाळेच्या ओट्यावर टोचल्या गेल्या. याला नवी इमारत लागली नाही की कोट्यवधींची यंत्रे लागली नाहीत. लागली ती फक्त रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची नजर. आणि चमत्कार पाहा, रानात पळणारे म्हणून ज्यांची बदनामी झाली, तेच लोक त्या लिंबाखाली वेळेवर येऊन बसू लागले!

ही नजर आमच्या समाजास नवी नाही. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. का? औषधाचा त्यांस द्वेष होता म्हणून नव्हे, तर तेथे ओढून नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची धास्ती होती म्हणून. सन १८९७ च्या मार्चात पुण्यात गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी हुडकू लागले, तेव्हा लोक रोगाइतकेच तपासणीसही भ्याले. आणि त्याच साली त्याच पुण्याबाहेर, हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मोकळी हवा, वस्तीपासून अंतर, आणि जातीची विचारपूस नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तेथे आणिले. त्यातच त्यांस लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकीकडे दार फोडून आत येणारी सत्ता, दुसरीकडे रोग्यास पाठीवर घेणारी माय. दवाखाना कसा असावा, याचा धडा आम्हांस सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. तो गिरवावयाचा कोणी?

करोनात तो आमच्या आशाताईंनी गिरविला. त्यांचे काय झाले? २२ मार्च २०२० रोजी पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने टाळ्या व थाळ्या वाजविल्या. आवाज मोठा झाला; पण वाजविलेल्या थाळीत भाकर काही पडली नाही! अखेर १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या आशांस मानधनासाठी संपावर जावे लागले. हजार लोकवस्तीमागे एक बाई, उन्हातान्हात दारोदार, आणि तिला पगार नव्हे, मानधन. मानही नाही आणि धनही नाही, असे ते मानधन!

आणखी एक गोष्ट विसरू नये. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस लस खुली झाली, पण फोनवर आगाऊ नोंदणी करील त्यासच. परिणाम काय? शहरांतल्या मोटारी खेड्यांच्या लसकेंद्रांवर उभ्या राहिल्या, आणि गावचा मजूर फाटकाबाहेरून पाहत राहिला. पूर्वी पोथी ज्याच्या हाती, धर्म त्याच्या हाती. आता फोन ज्याच्या हाती, लस त्याच्या हाती! पुढे महिना संपण्यापूर्वी सरकारी केंद्रांवर नोंदणीवाचून येणाऱ्यांसही मुभा द्यावी लागली, यातच पहिल्या नियमाचा आंधळेपणा सिद्ध होतो.

दोष परक्यांच्याच माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. करोनामाई म्हणून दगडास शेंदूर लावून नैवेद्य दाखविणारे आमच्यातलेच. विलगीकरणातून बऱ्या होऊन आलेल्या बाईस नळावर पाणी भरू न देणारेही आमच्यातलेच. ज्या विटाळाने आमच्या बापजाद्यांस छळिले, तोच विटाळ आम्ही शेजाऱ्यास लावावा काय? याची लाज आम्हांस वाटलीच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. साथ ओसरली आणि आमच्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली. लिंबाखालचे छप्पर मोडले. घरपोच गोळ्या थांबल्या. आमचे कुंभार पुन्हा केसपेपरच्या रांगेत, उरलेल्या चार बोटांवर तोल सावरीत उभे आहेत. म्हणजे साहेबलोकांच्या मते दारी येणारा दवाखाना हा संकटातला उपकार होता! आम्ही म्हणतो, तो उपकार नव्हता, तोच दवाखान्याचा धर्म होता. तीस हजार वस्तीस एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांस एक उपकेंद्र, हा सपाट मुलखासाठी सरकारचाच नियम आहे. ते केंद्र आमच्या घामाच्या पैशावर उभे आहे. काडेपेटी, कपडा असे जे विकत घेतो त्यात आम्ही कर भरतो.

तेव्हा बांधवांनो, नुसती हळहळ पुरे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभेस जा. पुढारी बोलतील तेव्हा मागे बसून तंबाखू मळू नका. उभे राहा आणि विचारा: आमच्या गावच्या आरोग्य समितीत कोण आहे? आलेला पैसा कशावर गेला? जुनाट आजाराच्या गोळ्या घरपोच का थांबल्या? तापाची तपासणी निराळी का नाही? आशाताईचे पैसे किती महिने थकले? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका, आणि ठराव लिहून घेतल्याविना उठू नका. बायकांनी तर आधी जावे, कारण रोग्याची उशाशी राखण त्याच करितात.

पुढची साथ सांगून येणार नाही. ती येईल तेव्हा फाटक उघडे सापडेल की बंद, हे आजच्या ग्रामसभेत ठरणार आहे.