पाऊल आणि धास्ती

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली भरेल. परंतु गोव्यातून आणि कोकणातून महाकालाच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ सिंहस्थाची वाट पाहत थांबत नाही. रेल्वेस्थानकाच्या एका अंगाला जुने शहर आणि देवस्थान, तर दुसऱ्या अंगाला सरळ रस्त्यांचे, टॉवर चौकाचे फ्रीगंज. माधवनगर हे त्याचे दुसरे नाव. यात्रेकरूंची कित्येक कुटुंबे मुक्काम इथेच टाकतात. या फ्रीगंजमधील एका लॉजच्या दारात आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचे पाऊल अचानक थबकले. गेली सात वर्षे त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार आहे. समोर चार बोटांचा उंबरठा, बाहेर हॉर्न वाजवणारा रिक्षावाला, मागे खोळंबलेली माणसे आणि ‘बाबा, चला ना’ म्हणून हात ओढणारा मुलगा. जो जो घाई व्हावी तो तो पाय जमिनीला अधिकच खिळावेत, अशी अवस्था झाली. छाती धडधडू लागली, घाम फुटला आणि ते तिथेच खाली बसले. दर्शन झाले नाही, याचे दुःख एक वेळ बाजूला ठेवू. घरी परतल्यावर त्यांनी उंबऱ्याबाहेर पडणेच सोडून दिले, हे अधिक गंभीर आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. आपल्याकडील आयुर्वेद त्याहून कितीतरी आधीपासून कंपवात जाणतो. नावातच कंप असल्यामुळे असेल, पण लोकांचे आणि पुष्कळदा वैद्यांचेही लक्ष थरथरणाऱ्या हातापलीकडे जात नाही. हाताच्या थरथरीने चहा सांडतो. तोल गेल्याने खुब्याचे हाड मोडते. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य घटल्यामुळे हालचाल मंदावते आणि अंग ताठरते. ते भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध १९६७ नंतर रुग्णांच्या हाती आले आणि असंख्यांना त्याने पुन्हा उभे केले. (आपल्या कुंपणांवर वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले होते. म्हणून कोणी घरी बिया कुटून खाऊ नयेत. मात्रा चुकली तर उपाय हाच अपाय ठरतो.) मात्र या औषधाने ताठरपणा जितका कमी होतो तितका तोल सुधारत नाही. तोलाला व्यायामाचेच औषध लागते.

धास्तीची कथा याहून उपेक्षित आहे. कंपवाताच्या रुग्णांपैकी सुमारे तिघांत एकाला ती ग्रासते. ‘म्हातारपणी माणूस भित्रा होतो’ असे म्हणून घरचे ती उडवून लावतात. वस्तुतः ही धास्ती म्हणजे केवळ आजारपणाचे दुःख नव्हे. मेंदूतील ज्या रासायनिक बदलांनी पाऊल अडते त्यांच्याशीच तिचा संबंध आहे. औषधाचा अंमल ओसरू लागला की पुष्कळांना आधी भीतीच जाणवते. भीती वाढली की पाय अधिक खिळतात, एकदा पडले की भीती दुणावते, आणि पडू नये म्हणून माणूस खुर्चीत बसून राहिला की स्नायू दुबळे होऊन पडण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून तोल आणि धास्ती या दोहोंवर एकदमच उपाय करावा लागतो.

प्रत्यक्षात होते काय? रुग्ण ‘चक्कर येते, तोल जातो’ असे सांगतो आणि त्याच्या हाती चक्करेची गोळी पडते. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही त्यांतली सर्रास दिली जाणारी औषधे डोपामिनच्याच कामात अडथळा आणतात. कंपवात नसलेल्या वृद्धातही त्यांनी कंपवातासारखी लक्षणे उभी राहू शकतात. ‘भीती वाटते, झोप नाही’ म्हटले की झोपेची गोळी मिळते आणि रात्री लघवीसाठी उठलेला माणूस गुंगीत न्हाणीघरात कोसळतो. उभे राहताना रक्तदाब खाली येतो काय, हे तर आधी बसवून आणि मग उभे करून मोजल्याशिवाय कळतच नाही. त्याला दोन मिनिटे लागतात आणि तीच कोणाजवळ नसतात. या औषधांचा गल्ल्यावरचा मुक्त व्यवहार हा आमच्या मते केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही, देखरेखीचाही आहे.

उपाय नाहीत असे नव्हे. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सहा महिने आठवड्यातून दोनदा ताई ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे पडणे घटले. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांना आठ आठवडे सजगतेसह योगासने शिकवली. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार हालचालीत ती नेहमीच्या व्यायामाच्या तोडीची ठरली आणि चिंता व उदासी कमी करण्यात त्याहून सरस. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. तिथेच ऋषिकेश पवार यांनी या रुग्णांना नृत्य शिकवले. पुण्याच्याच मिलेहा सोनेजी या अभिकल्पक तरुणीने पाहिले, की सपाट जमिनीवर अडखळणारे आपले काका जिना मात्र सहज चढतात. तिने जिन्याच्या पायऱ्यांचे चित्रच सपाट जमिनीवर अंथरले आणि काका चालू लागले! डोळ्यांना खूण किंवा कानांना ठेका मिळाला की खिळलेले पाऊल सुटते. ज्या प्रदेशात घुमटाच्या ठेक्यावर आरत्या होतात आणि दिंडीत टाळमृदंगावर पावली टाकली जाते, त्या प्रदेशाला हे नवे वाटू नये.

पण हे शिकवायचे कोणी? गोव्यात मेंदूविकारांसाठी रुग्णाला बांबोळी गाठावी लागते. काणकोण किंवा सत्तरीतील वृद्धाला आठवड्यातून दोनदा तेवढा प्रवास झेपत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि भौतिकोपचार त्याचा भाग आहे. तेव्हा तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात आठवड्यातून दोन सकाळी कंपवाताच्या रुग्णांसाठी भौतिकोपचारतज्ज्ञ आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसवणे ही अवाजवी मागणी नव्हे. दुसरी गोष्ट दाखल्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सनचा समावेश एकवीस दिव्यांगत्वांत केला. परंतु सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. गोळीचा अंमल असताना तपासले तर रुग्ण ठीक चालतो, तीन तासांनी तोच भिंत धरून उभा असतो. मंडळाने त्याला कोणत्या तासाला पाहिले यावर दाखला ठरणे हा न्याय नव्हे. अंमल असताना आणि नसताना, अशी दोनदा तपासणी व्हावी आणि पडण्याचा इतिहास कागदावर घ्यावा.

घरच्यांनी करण्याजोगे थोडे आहे, पण ते आजच होण्याजोगे आहे. पाऊल अडले की ओढू नये, ओरडू नये. थांबू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगावे, ‘एक, दोन’ मोजावे आणि आपला पाय आडवा ठेवून तो ओलांडायला सांगावे. वळताना जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा फेरा घ्यावा.

त्या निवृत्त शिक्षकांच्या घरी आता उंबरठ्याअलीकडे लाल चिकटपट्टीच्या चार रेघा मारलेल्या आहेत. चक्करेची गोळी बंद झाली, धास्तीसाठी वेगळे औषध आणि समुपदेशन सुरू झाले, आणि सकाळच्या गोळीनंतर तासाभराने सून त्यांना अंगणात चालवते. परवा ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. उज्जैनचे नाव त्यांनी अजून काढलेले नाही.