विश्लेषण : पिकअप पुढून उचलली की गाडी टायर का खाते?

म्हसवड हे सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरचं शहर. माण तालुक्यातला कांदा, आटपाडीकडचं डाळिंब, बाजाराच्या शेळ्या-मेंढ्या, दुष्काळात चारा आणि पाण्याच्या टाक्या, यातलं बरंच काही पिकअपच्या हौद्यातून फिरतं. अर्धा दिवस डांबरी रस्ता, अर्धा दिवस वाड्यावस्त्यांची खडीची वाट. अशा वापरात गाडीचं पुढचं तोंड काही वर्षांत खाली बसतं. मग मालक गॅरेजमध्ये सांगतो, 'पुढून जरा उचल.' काम तासाभराचं असतं. पण काही महिन्यांत पुढचे टायर एका बाजूने गुळगुळीत होतात आणि गाडी एकीकडे ओढू लागते. असं का होतं आणि कायदा याबद्दल काय म्हणतो?

पुढची उंची ठरते कशी?

हे गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. काही पिकअपना पुढेही मागच्यासारखे पाटे असतात, काहींना कॉइल स्प्रिंग, तर काहींना टॉर्शन बार. टॉर्शन बार म्हणजे चॅसीच्या लांबीत बसवलेली पोलादी कांब. चाक वर गेलं की ती पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. या कांबेच्या टोकाला बोल्ट असतो. तो कसला की गाडी वर येते, सैल केला की खाली बसते. पाटे आणि कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांना सहसा असा बोल्ट नसतो. तिथे उंची गेली, तर स्प्रिंग थकलेली किंवा पाटा तुटलेला असतो आणि तो बदलावा लागतो.

बोल्ट कसला की गाडी जास्त वजन घेते का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे. बोल्ट कसल्याने कांब जाड होत नाही, तिची ताकदही वाढत नाही. फक्त गाडी कुठल्या उंचीवर उभी राहते ते बदलतं. उलट जास्त कसल्यास चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की वरचा आर्म स्टॉपरवर आपटतो, गाडी कडक लागते आणि चाक रस्त्यावरची पकड सोडतं. वजन पेलण्याची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते आणि ती आरसी बुकात लिहिलेली असते.

उंची बदलली की अलाइनमेंट का बिघडते?

चाकाचे तीन कोन महत्त्वाचे असतात. समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती कललेलं आहे, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे आहेत की बाहेर, तो टो. बाजूने पाहिल्यावर ज्या अक्षावर चाक वळतं तो मागे किती झुकलेला आहे, तो कॅस्टर. वळल्यानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळे.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत चाक दोन आर्मवर टांगलेलं असतं. उंची बदलली की आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर कॅम्बर बदलतो आणि टाय रॉडचा कोन बदलल्याने टोही सरकतो. म्हणून उंचीला हात लावला की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

टायरचं नुकसान सर्वात जास्त करतो तो टो. साधा हिशेब पाहा. १५ इंची रिमचा व्यास सुमारे ३८० मिलीमीटर. एक चाक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त २ मिलीमीटरने तिरकं असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे ५ मीटर आडवं घासतं. म्हणजे १०० किलोमीटरला जवळपास अर्धा किलोमीटर. डोळ्याला न दिसणारा फरक टायर असा खातो.

पुढे पाट्यांची गाडी असेल तर?

अशा बहुतेक गाड्यांत पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो. कॅम्बर अ‍ॅक्सलमध्येच ठरलेला असतो, गॅरेजमध्ये मुख्यतः टो जुळवता येतो. मात्र कॅस्टर इथेही बदलतो. जास्त माल बसावा म्हणून मागे जादा पाटा चढवला, की रिकामी गाडी मागून उंच आणि पुढून झुकलेली राहते. कॅस्टर कमी होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. उलट मागे क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, की तोंड वर येतं, पुढच्या चाकांवरचं वजन घटतं आणि वळणावर, ब्रेक मारताना पकड कमी पडते.

समोरच्या गाडीला काय धोका?

३ मीटर व्हीलबेसच्या गाडीचं तोंड मागच्यापेक्षा ३ सेंटीमीटर वर गेलं, तर हेडलाइटचा झोत ५० मीटरवर सुमारे अर्धा मीटर वर जातो. डिपर दिलेला असूनही तो समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. म्हणून उंची बदलल्यावर हेडलाइटचा झोतही तपासावा लागतो.

कायदा काय सांगतो?

कंपनीने दिलेल्या मापात उंची परत आणणं ही दुरुस्ती आहे. लिफ्ट किट, जादा पाटे किंवा वेगळ्या मापाचे टायर घालणं हा बदल ठरू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

मालवाहू गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. स्वयंचलित केंद्रात चाकं आडवी किती सरकतात, हे यंत्रच मोजतं. त्यामुळे 'नजरेने सरळ' केलेली चाकं तिथे पकडली जाऊ शकतात.

कामाचा योग्य क्रम कोणता?

आधी टायरची हवा आणि चारही टायरचं माप तपासावं. मग बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग आणि शॉकअप. यांत ढिलाई असेल तर अलाइनमेंट टिकत नाही, पैसे वाया जातात. त्यानंतर सपाट जागेवर, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ठिकाणांवर डावी-उजवी उंची मोजावी. बोल्ट फिरवण्याआधी चाकावरचा भार जॅकने काढावा, कारण पिळलेली कांब अचानक सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते. हे काम घरच्या अंगणात करू नये. प्रत्येक वेळी गाडी खाली सोडून, थोडी पुढे-मागे हलवून मगच पुन्हा मोजावं. शेवटी कॅस्टर, कॅम्बर आणि सर्वात शेवटी, स्टेअरिंग सरळ धरून, टो.

टायर पाहून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी. एकच कड झिजली तर कॅम्बर किंवा टो. हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मध्य झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बेअरिंगकडे पाहावं.

अलाइनमेंट झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली छापील चिठ्ठी मागावी आणि जपून ठेवावी. पुढच्या वेळी टायर झिजले, तर नेमका कोणता कोन सरकला हे त्या चिठ्ठीवरून लगेच कळतं.