पहिल्या वर्षाची दिवाळी

घरात मृत्यू झाला की मराठी कुटुंबात त्या वर्षीचे सण होत नाहीत. दारात आकाशकंदील लागत नाही, तळणीची कढई ठेवली जात नाही, नवे कपडे घेतले तरी ते मुलांपुरते. सुतक दहा दिवसांत फिटते, तेरावा होतो, गोडाचे जेवण होते, माणसे कामावर रुजू होतात. पण उत्सव मात्र वर्षश्राद्धापर्यंत थांबलेला असतो. वरवर ही रीत कठोर दिसते. प्रत्यक्षात तिच्यात फार मोठी माया आहे. ज्याच्या मनात आनंद नाही त्याला आनंद दाखवण्याच्या सक्तीतून तिने वर्षभर सोडवलेले असते.

या रीतीचा दुसरा अर्धा भाग कमी बोलला जातो. त्या घरात फराळ करायचा नसतो; फराळ असायचाच नाही, असे मात्र नाही. तो बाहेरून येतो. बहीण चकल्यांचा डबा पाठवते, शेजारीण ताटावर रुमाल टाकून लाडू-चिवडा घेऊन येते, जावेच्या माहेरून अनारसे येतात. मृत्यूच्या दिवशीही असेच घडते. चूल पेटत नाही, म्हणून पिठले-भात शेजारून येतो, आणि कोणी आणला हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ते नंतर, कित्येक महिन्यांनी, रिकामे पातेले कोणाचे म्हणून शोधताना आठवते. शोकाच्या वर्षातली कृतज्ञता बहुधा अशी उशिराच येते, आणि उशिरा येण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

दिवाळी हा केवळ आनंदाचा सण आहे, ही समजूत अलीकडची असावी. या सणाच्या दिवसांत यमाचे नाव तीनदा येते. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे ठेवतात. एरवी दिव्याची वात त्या दिशेला करणे घरोघरी टाळले जाते. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण सांगितले आहे, आणि ज्याचे वडील हयात आहेत त्यानेही ते करावे असे शास्त्र आहे. भाऊबीज ही मुळात यमद्वितीया. मधल्या अमावास्येला उल्कादान सांगितले आहे: महालयात घरी आलेले पितर परत निघतात, त्यांना वाट दिसावी म्हणून चुडी पेटवून धरायच्या. फटाक्यांच्या धुरात ही चूड बहुतेक घरांतून हरवली. तरी सणाची घडण तीच राहिली आहे. गेलेल्यांची आठवण दिवाळीत बाहेरून घुसत नाही. ती आधीपासूनच तिथे आहे. म्हणून ज्या घरात यंदा दिवे कमी आहेत ते घर सणाबाहेर पडलेले नसते.

छत्तीसगडातल्या रायपूरच्या मराठी माणसाला याच सणाचे आणखी एक रूप दरवर्षी शेजारी दिसते. नागपूरकर भोसल्यांच्या कारकिर्दीपासून इथे मराठी कुटुंबे वसत आली. तात्यापारा, बुढापारा, पुढे चौबे कॉलनी अशी त्यांची वस्ती पसरली, आणि करंजी-चकलीच्या ताटात छत्तीसगडी ठेठरी-खुरमीला जागा मिळाली. छत्तीसगडी माणूस दिवाळीला देवारी म्हणतो, आणि देवारी हा मुख्यतः कामाच्या सोबत्यांचे ऋण मानण्याचा सण आहे. भात कापणीला आलेला असतो. गोवर्धनपूजेला नव्या तांदळाची खिचडी शिजते, तिच्यात कोचई म्हणजे अळूचे कांदे आणि कुम्हडा म्हणजे भोपळा पडतो. ती आधी गाई-बैलांना भरवतात आणि त्यांच्यापुढचे उरलेले घरची माणसे प्रसाद म्हणून खातात. गुरे राखणारे राऊत येतात, दोहे म्हणत नाचतात, गाईंच्या गळ्यात पळसाच्या मुळ्यांची सोहई बांधतात आणि वर्षभराच्या राखणीबद्दल धान घेऊन जातात. गोलबाजारात भाताच्या लोंब्या विणून केलेल्या झालरी विकायला येतात. त्या दारावर टांगायच्या असतात, शोभेसाठी आणि चिमण्यांसाठी. दाणे संपले की झालर आपोआप रिकामी होते. पौषी पौर्णिमेला छेरछेरा येतो. मुले दारोदार धान मागत फिरतात आणि त्या दिवशी गरीब-श्रीमंत कुणीही कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. पीक घरात येऊन पडल्यावर पहिली गोष्ट काय करायची, याचे उत्तर या मुलखाने असे ठरवून टाकले आहे.

त्यातही लक्षात घेण्याजोगा आहे सुवा नाच. दिवाळीच्या आधीपासून बायका टोपलीत धान भरून त्यावर मातीचा राघू ठेवतात, ती टोपली मध्ये ठेवून भोवती फेर धरतात, टाळ्या वाजवतात, घरोघर जातात आणि तांदूळ-पैसे मिळवतात. त्या मिळकतीवर पुढे गौरा-गौरीचे लग्न लागते. नाच सणाचा, पण गाण्यांत सासरचा जाच, दूर गेलेला नवरा, तुटलेले माहेर अशी दुःखे राघूला सांगितलेली असतात. सण आणि दुःख वेगळे ठेवावेत असे या बायकांना कधी वाटले नाही. फेरात उभे राहायला हसरा चेहरा लागत नाही, पावलाला पाऊल जुळले की पुरते.

रायपूरने सर्वात मोठे शोकाचे वर्ष अलीकडे पाहिले ते २०२१ चे. करोनाच्या साथीमुळे ९ एप्रिलच्या संध्याकाळपासून जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली. १३ एप्रिलला गुढीपाडवा होता. गुढ्या उभ्या राहिल्या त्या बंद गल्ल्यांत. त्या आठवड्यांत रुग्णालयांत खाटा मिळेनात, शवागारांत जागा उरली नाही, स्मशानभूमीत रांगा लागल्या. मृत्यू पूर्वीही होत असत. या वेळी मृत्यूभोवतीची सगळी रीत मोडली. खांदा द्यायला माणसे नव्हती. समाचाराला कोणी येऊ शकत नव्हते. पिठले-भाताचे पातेले शेजारच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हते. पोचलेच तर ते फाटकाबाहेर ठेवून माणूस मागे सरत होता. अनेक अंत्यविधी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि अनोळखी स्वयंसेवकांनी उरकले. ज्यांनी आपल्या माणसाला शेवटचे पाणी दिले त्यांची नावे त्या कुटुंबांना आजही माहीत नाहीत.

नाव माहीत नसलेल्याचे ऋण कसे मानायचे? परंपरेत याला जागा आहे. पितृपक्षात पिंड देताना ज्यांना कोणी नाही अशांसाठीही एक धर्मपिंड असतो, ओळख नसताना दिलेला. २०२१ मध्ये हे दान उलट्या दिशेने झाले: ओळख नसलेल्यांनी आपल्या माणसांना निरोप दिला. त्याच महिन्यांत भिलाईच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर छत्तीसगडबाहेरच्या राज्यांनाही जात होते. पोलाद वितळवणाऱ्या कामगाराला आपण कुणाचा श्वास चालू ठेवतो आहोत हे कळण्याची सोय नव्हती. राज्यातल्या सुमारे ७० हजार मितानिन घरोघर फिरून ताप विचारत होत्या, औषधांची पाकिटे वाटत होत्या. मितानिन योजना २००२ मध्ये सुरू झाली. देशभरातल्या आशा कार्यकर्त्या तिच्यानंतर आल्या. मितानिन म्हणजे गावातलीच एक बाई, गावाने निवडलेली, तुटपुंज्या मोबदल्यावर आरोग्याचे काम करणारी. टाळ्या आणि थाळ्या या बायकांसाठीही वाजल्या. त्याने कृतज्ञता संपत नाही. मोबदला वेळेवर मिळणे, हातमोजे मिळणे, तिच्या स्वतःच्या घरी आजार आला तर रुग्णालयाचे दार उघडणे, ही त्या टाळ्यांची खरी किंमत, आणि ती पूर्ण चुकती झालेली नाही.

राज्य सरकारने त्या वर्षी एक चांगले पाऊल उचलले. महतारी दुलार योजनेत, साथीत कमावता पालक गमावलेल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाने घेतली. पहिली ते आठवीच्या मुलांना महिना ५०० आणि नववी ते बारावीच्या मुलांना महिना १००० रुपये शिष्यवृत्ती ठरली. रक्कम लहान आहे. पण गेलेल्या माणसाचे ऋण त्याच्या मुलाच्या फीच्या रूपाने फेडता येते हे तिने सांगितले, आणि ते प्रत्येक मोहल्ल्याला, प्रत्येक मंडळाला करता येण्याजोगे आहे. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ दिव्यांग बालिकांचे वसतिगृह आणि संत ज्ञानेश्वरांच्या नावाची शाळा चालवते. परक्याच्या लेकराला आपल्या ताटात वाढणे या गावाला नवे नाही.

गेल्या काही वर्षांत कृतज्ञतेकडे आरोग्याचा उपाय म्हणूनही पाहिले जाते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. आपल्याला लाभलेल्या गोष्टींची नियमित नोंद ठेवणाऱ्यांना, त्रासांची नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा, आयुष्य अधिक समाधानाचे वाटले, असे त्यात आढळले. अभ्यास महत्त्वाचा आहे. मात्र त्यातले बरेच सहभागी महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि एक गट स्नायू व मज्जातंतूंच्या विकारांच्या रुग्णांचा होता. नुकतेच कुणाला पोचवून आलेल्यांवर तो बेतलेला नव्हता. तरीही तो सल्ला आता सरसकट दिला जातो. तेराव्याच्या पंगतीतच विधवेला ‘मुलांकडे बघ, देवाने तुला पुष्कळ दिले आहे’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परिणाम वाईट होतो, कारण ऐकणारीला वाटते की आपण हिशेबात चुकतो आहोत, गेलेल्याच्या रकान्यात जास्त मांडतो आहोत. उरलेले आणि गेलेले यांची वजाबाकी होत नाही. मुलगा समोर जेवतो आहे याचे समाधान आणि त्याचे वडील जेवायला नाहीत याचे दुःख एकाच घासाला येते, आणि दोन्ही पुरी असतात. कृतज्ञ राहा असे शोकात असलेल्याला सांगायचे नसते. त्याच्यासाठी काही करायचे असते. कृतज्ञता त्याच्या मनात आली तर ती त्यातून येते, आणि नाही आली तरी डबा वाया जात नाही.

रोजच्या जगण्यात अशी मदत येते तेव्हा तिचे रूप अगदी किरकोळ असते. दुधवाला पिशव्यांची संख्या न विचारता कमी करतो. कार्यालयातला सहकारी बँकेच्या वारसा-अर्जावरचे रकाने स्वतः भरून देतो. वर्गशिक्षिका ‘पालकांची सही’ या जागी आजोबांची सही चालेल असे आधीच सांगून ठेवते. भाजीवालीला गेलेल्या माणसाची आवड ठाऊक असते आणि ती काही न बोलता कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवत राहते. यातल्या कुणीही सांत्वनाचे शब्द उच्चारलेले नसतात. रायपूरचेच हिंदी लेखक विनोदकुमार शुक्ल यांचे लेखन अशाच लहान घरांच्या, लहान नोकऱ्यांच्या जगातले आहे. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीतले नवरा-बायको एका खोलीत राहतात, आणि त्या खोलीच्या खिडकीतून पलीकडे उतरले की तळे, झाडे आणि चहा देणारी म्हातारी भेटते. खोली मोठी होत नाही, पगार वाढत नाही. पण जे आहे त्याकडे इतक्या आदराने पाहिलेले असते की वाचणाऱ्याला स्वतःच्या खिडकीकडे एकदा पाहावेसे वाटते.

हानी मृत्यूचीच असते असे नाही. मराठी घरात वाढलेले हिंदी पत्रकार माधवराव सप्रे यांच्या आयुष्यातले १९०८ हे साल वेगळ्या हानीचे होते. ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक त्यांनी १९०० मध्ये वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साथीने सुरू केले होते, आणि आर्थिक ओढगस्तीत ते १९०२ च्या अखेरीस बंद पडले. पुढे नागपुरात १९०७ मध्ये त्यांनी टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती, ‘हिंदी केसरी’, काढली. २२ ऑगस्ट १९०८ रोजी राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना अटक झाली, आणि कुटुंबाच्या दबावाखाली माफीनामा लिहून ते सुटले. स्वाभिमानी माणसासाठी याहून मोठे नुकसान क्वचितच असते. सप्रे सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याजवळ हनुमानगडावर रामदासी परंपरेच्या सान्निध्यात राहिले, मग रायपूरला परतले. परतल्यावर त्यांनी हाती घेतले ते रोज थोडे-थोडे करायचे काम: समर्थांचा ‘दासबोध’ आणि नंतर टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. मुलींसाठी शाळा काढली. ज्या भाषेने त्यांना वाढवले ती मराठी आणि ज्या मुलखाने त्यांना ठेवून घेतले तिथली हिंदी, दोहोंचे देणे या अनुवादांतून एकदमच फेडले गेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. गमावलेले परत मिळवण्याच्या मागे ते लागल्याचे दिसत नाही; हातात उरलेल्या कामाचे मोल त्यांनी ओळखले.

यंदाही वाचकांच्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घरी पहिल्या वर्षाची दिवाळी असेल. तिथे वसुबारसेच्या आधी फोन न करता जावे. शुभेच्छांचा संदेश पाठवू नये. फराळ न्यावा, तो झाकून न्यावा, आणि गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला कचरू नये. ते नाव कुणी घेत नाही हेच त्या घराला सर्वात जड जाते. बसावे, चहा दिला तर घ्यावा. आपल्या भागातल्या मितानिनचे, सफाई कामगाराचे, रुग्णवाहिकेच्या चालकाचे नाव माहीत नसेल तर या दिवाळीत ते विचारून घ्यावे, आणि फराळाचे एक ताट त्या नावाने वेगळे काढावे. दारावर भाताच्या लोंब्यांची झालर लावायची असेल तर ती पाडव्यानंतरही काढू नये, कारण चिमण्यांचे दाणे टिपून व्हायला वेळ लागतो.