फर्निचर ठरवतं, कान नाही

परवा नवे स्पीकर घ्यायचे ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. बाबांची रोजची तक्रार होती, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत. मोठा कर." मोठा केला की आतून आई ओरडणार, "अरे बारीक कर!"

दुकानात जायच्या आधी सहज आमच्या हॉलकडे नीट पाहिलं. एक स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, जवळजवळ छताला टेकलेला. दुसरा दिवाणाच्या कोपऱ्यात, जमिनीवर. का? तर तिथे जागा होती म्हणून! तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं असंच असणार, पैज लावतो. आपल्याकडे स्पीकरची जागा फर्निचर ठरवतं, कान नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नवे स्पीकर घेण्याआधी आहेत ते हलवून बघा. फुकट आहे.

ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागची गंमत अशी की दोन कानांना मिळणाऱ्या किंचित फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. हा फरक अगदी नाजूक असतो. एका स्पीकरच्या अर्धा मीटर जवळ बसलात, तर त्याचा आवाज साधारण दीड मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढ्यानंही गायक त्या बाजूला सरकतो.

तर मी काय केलं, दोन्ही स्पीकर सात फुटांच्या अंतरावर मांडले आणि बाबांची खुर्ची दोघांपासून सात-सात फुटांवर ठेवली. शाळेतला समभुज त्रिकोण! वरचा छोटा भोंगा, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणला. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि कोपऱ्यापासून लांब ठेवले, कारण कोपरा खर्ज फुगवतो आणि फुगलेला खर्ज शब्द गिळतो. हे करताना कळलं की एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलेली होती. तसं झालं की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि मधला आवाज विस्कटतो. वायर मीच जोडली होती. किती वर्षांपूर्वी, ते सांगत नाही :)

परीक्षा सोपी आहे. जुनं मोनो गाणं लावा, आपली जुनी बहुतेक गाणी मोनोच आहेत. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवा.

बायको म्हणाली, "हॉल माणसांसाठी आहे की तुझ्या त्रिकोणासाठी?" हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. येणाजाणाऱ्याच्या पायात वायर येते हे खरंच आहे. शिवाय अशी अचूक जागा खोलीत एकच असते, तिथे एकच माणूस बसू शकतो. म्हणून तह झाला. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात. रविवारी सकाळी स्पीकर खुणांवर येतात, जेवायच्या आधी परत भिंतीला. रोज सगळं घर त्रिकोणात राहू शकत नाही, पण आठवड्यातून दोन तास राहायला हरकत नसावी.

पहिल्या रविवारी अर्थातच खुर्चीत बाबा. वयाचा भाग आहेच, तो काही त्रिकोणानं बरा होत नाही. ते डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकत बसले. दुसरं सुरू झालं तेव्हा त्यांनी रिमोट मागितला. मला वाटलं, झालं, आता मोठा करणार.

त्यांनी आवाज बारीक केला.

नव्या स्पीकरचा बेत तूर्तास रद्द.