नाव छापावे कोणाचे, झाकावे कोणाचे?



आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात बराच काळ असा रिवाज होता की पेपर विकत घेणारे घर एक आणि वाचणारी घरे चार. अंबरनाथच्या विम्को आगपेटी कारखान्यात किंवा ऑर्डनन्समध्ये कामाला जाणारा माणूस शेजाऱ्याच्या हातातला पेपर गाडीत वाचायचा आणि ‘छापून आले आहे’ एवढ्या आधारावर घरी येऊन सांगायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. बातमी वाचणाराच ती पुढे धाडतो, म्हणजे एका अर्थी तोही संपादक झाला. मात्र संपादकाने काय पाळायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

ऑगस्ट 2024 मधले बदलापूर आठवा. एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. बातमी बाहेर आली, आणि 20 ऑगस्टला हजारो लोक रस्त्यावर व रेल्वेच्या रुळांवर उतरले. गाड्या कित्येक तास बंद राहिल्या. मग कुठे सरकार हलले, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. वार्तांकन करणाऱ्या एका महिला पत्रकाराला स्थानिक पुढाऱ्याने अश्लाघ्य बोल लावल्याची तक्रार झाली, गुन्हाही नोंदला गेला. गरिबाच्या लेकराची दाद लागायला वार्ताहर लागतो, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

त्याच दिवसांत दुसरी बाजूही दिसली. शाळेचे नाव सर्रास छापले गेले, पडद्यावर झळकले. मोबाईलवर अफवांना ऊत आला. कायदा काय म्हणतो? 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 23 सांगते की अशा प्रकरणात मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने परवानगी दिली तरच अपवाद. मोडणाऱ्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. यात ‘शाळा’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की नाव गाळले म्हणून भागत नाही, आडून ओळख पटेल असा तपशीलही देऊ नये.

वस्तीत राहणाऱ्याला याचे कारण समजावून सांगायला नको. शाळा कळली, वर्ग कळला की घर सापडायला एक संध्याकाळ पुरते. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. मुलीला मात्र त्याच गल्लीत वाढायचे असते, त्याच नळावर पाणी भरायचे असते.

कोणी म्हणेल, शाळेचे नाव झाकले तर संस्थाचालक सुटतील. ही शंका खोटी नाही. तरीही पालक ठाण्यात किती वाजता गेले, फिर्याद किती तासांनी घेतली, संस्थेने पालकांना काय सांगितले, कोणावर कारवाई झाली, हे सारे मुलीच्या दारापर्यंत वाट न दाखवता छापता येते. त्याला मेहनत लागते, एवढेच. नाव छापणे सोपे असते.

आपल्या समाजाला या प्रश्नाची उलटी बाजू ठाऊक आहे. आपली नावे आणि आपली दुःखे एके काळी कोणी छापतच नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली आणि 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात घ्यायला नकार दिला, पैसे मोजून देत असतानाही! पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी दाखवून दिले की बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची पर्वा करीत नाहीत. एकाच बोटीतल्या उतारूने दुसऱ्याच्या बाजूला भोक पाडले तर तोही बुडणारच, असा दृष्टांत त्यांनी दिला.

अफवेचे म्हणाल तर महाडकडे पाहा. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर गावात उठवले गेले की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काहीही ठरले नव्हते. तेवढ्या एका खोट्या वाक्यावर जमाव लाठ्या घेऊन निघाला आणि परिषदेला आलेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. चौदाच दिवसांनी, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. पदरमोड करून चालवलेल्या या पत्राचा बराचसा मजकूर त्यांना स्वतःच लिहावा लागे. पुढे 1943 च्या पुण्यातील भाषणात त्यांनी खंत व्यक्त केली की या देशात पत्रकारिता पूर्वी व्यवसाय होती, आता व्यापार झाली आहे, साबण बनवण्याहून अधिक नैतिक जबाबदारी ती मानीत नाही. हे भाषण वार्ताहर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांनी मुळातून वाचावे.

आता घरातले. अत्याचारित मुलीचे नाव, फोटो किंवा शाळा सांगणारा मजकूर मोबाईलवर आला तर ‘जागृतीसाठी’ म्हणूनही पुढे पाठवू नका. सम्यक वाचेत चहाडी आणि निरर्थक बडबडही वर्ज्य सांगितली आहे, आणि बोटाने पाठवलेले तोंडाने बोलल्यासारखेच आहे. वर्तमानपत्राने आपल्या माणसाबद्दल खोटे छापले तर आधी संपादकाला लेखी पत्र द्या. दाद लागली नाही तर दिल्लीच्या भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत आहे. परिषद दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते. टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तक्रारीसोबत मूळ कात्रण, त्याखाली पेपरचे नाव व तारीख, आणि संपादकाला पाठवलेल्या पत्राची नक्कल जोडा. एक प्रत घरच्या पेटीत ठेवायला विसरू नका.