लेव्हिटचा नाइलाज

अमेरिकन बिल्डर विल्यम लेव्हिटची बाजू घेणारे लोक आजही आहेत, आणि ते सगळेच वंशद्वेष्टे नसतात. त्यांच्या युक्तिवादाची सुरुवात ज्या गोष्टीने होते ती खरीच आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना राहायला घरे नव्हती. लेव्हिटने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत, 1947 ते 1951 या काळात 17 हजारांहून अधिक घरे बांधली. मोटारीच्या कारखान्यात मोटार जागोजाग फिरते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या एका प्लॉटवरून दुसऱ्यावर. 1949 मध्ये घराची किंमत 7,990 डॉलर होती आणि माजी सैनिकाला हाती रोख रक्कम नसली तरी ते घेता येत असे. त्या गावाला लेव्हिटचेच नाव मिळाले, लेव्हिटाउन. 1950 मध्ये ‘टाइम’ने त्याला मुखपृष्ठावर घेतले.

या गावच्या सुरुवातीच्या भाडेकरारात 25 क्रमांकाचे एक कलम होते. कॉकेशियन वंशाबाहेरच्या कोणालाही घर वापरू देता येणार नाही, घरकामाच्या नोकरांचा अपवाद. म्हणजे काळ्या बाईने त्या स्वयंपाकघरात भांडी घासायला हरकत नव्हती.

लेव्हिटचे वकील इथे तीन बचाव मांडतात. नियम सरकारचा होता; गिऱ्हाईक गोरे होते आणि त्यांना काळा शेजारी नको होता; आणि काळच तसा होता.

पहिला बचाव मी बराचसा मान्य करतो. कर्जाची हमी देणारे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, 1930 च्या दशकापासून आपल्या नियमपुस्तिकेत अशा वंशबंदीच्या कलमांची शिफारस करत होते. ही हमी नसती तर लेव्हिटला एवढा पैसा कोणत्याच बँकेने दिला नसता. रिचर्ड रॉथस्टीन यांनी 2017 च्या आपल्या पुस्तकात सरकारच्या या वाट्याचा पुरावा सविस्तर मांडला आहे आणि तो खोडून काढणे अवघड आहे.

पण मग 1948 चे काय करायचे? त्या वर्षी ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असली कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. 1950 मध्ये एफएचएनेही नव्या वंशबंदीच्या कलमांना हमी देणे थांबवले. लेव्हिटने कलम काढले आणि धोरण तसेच ठेवले. इतकेच नव्हे, ज्या गोऱ्या भाडेकरूंच्या घरी काळी मुले खेळायला आली, त्यांचे करार पुढे वाढवायला त्याच्या कंपनीने नकार दिला. गोऱ्या कुटुंबाला मुलांच्या खेळाबद्दल घराबाहेर काढा असा कोणता सरकारी आदेश होता? एफएचएचा दोष इथे संपत नाही, कारण बिल्डरने तोंडी नकार दिला तर ते पुढेही डोळेझाक करतच राहिले. पण इथून पुढे लेव्हिटला सरकारच्या आड लपता येत नाही.

दुसरा बचाव स्वतः लेव्हिटचाच. घरांचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा सोडवू, दोन्ही एकत्र जमणार नाहीत, असे तो म्हणे. आपण ज्यू आहोत, आपल्या मनात आकस नाही, पण एका काळ्या कुटुंबाला घर विकले तर शंभरातले नव्वद-पंच्याण्णव गोरे गिऱ्हाईक पाठ फिरवतील, हे त्याचे गणित. ‘आमचं काही नाही हो, बाकीच्या मेंबरांना चालत नाही’ हे वाक्य मुंबई-पुण्यात घर शोधताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही भाषा नवी वाटणार नाही.

हा नाइलाज खरा होता का, हे त्याच्याच कामावरून तपासता येते. लाँग आयलंडवरचे ते गाव ज्या हेम्पस्टेड नगराच्या हद्दीत होते, तिथल्या बांधकाम नियमांत घराखाली तळघर हवे अशी अट होती. लेव्हिटला ते परवडत नव्हते. 1947 मध्ये त्याने माजी सैनिकांना नगरमंडळाच्या सभेला गोळा केले आणि नियम बदलून घेतला. कामगार संघटनांना त्याने दूर ठेवले. लाकूड महाग पडते म्हणून कॅलिफोर्नियात स्वतःचा लाकूडधंदा उभारला. खिळेसुद्धा स्वतः पाडले. घर घेणाऱ्याने कुंपण घालायचे नाही, हिरवळ आठवड्याला कापायची, सुटीच्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, असे त्याच्या करारांत लिहिलेले असे, आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनी हे सगळे निमूट ऐकले. लोकांच्या धुण्याचा वार ठरवणारा माणूस शेजाऱ्याच्या रंगापुढे मात्र हतबल होता, हे मला पटत नाही.

तिसरा बचाव, काळाचा, त्याच काळातल्या एका माणसाने निकालात काढला आहे. लेव्हिटची दुसरी लेव्हिटाउन पेनसिल्वेनियात बक्स काउंटीत उभी राहत असताना मॉरिस मिलग्रॅम या बिल्डरने त्याच काउंटीत 1954 मध्ये कॉन्कॉर्ड पार्क काढले. घरे 139. काळ्या-गोऱ्या दोघांना विक्री. पैसा उभा करताना त्याची दमछाक झाली, आणि मिश्रण टिकावे म्हणून त्याने गोऱ्यांसाठी 55 आणि काळ्यांसाठी 45 टक्के असा कोटा ठेवला. काळ्या गिऱ्हाइकांना त्यापायी ताटकळावे लागले, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण वस्ती भरली. यावर लगेच उत्तर येते की 139 घरे आणि 17 हजार घरे यांची तुलना कशी करता? जरूर करावी. मिलग्रॅम आवडला नाही तर गोऱ्या गिऱ्हाइकाला दुसरा बिल्डर होता. लेव्हिट आवडला नाही तर त्या किमतीत तसे घर त्याला दुसऱ्या कोणाकडे मिळणार होते? धोका सर्वांत कमी होता तो लेव्हिटलाच.

आता उलट बाजूच्या अतिरेकाबद्दल. सगळे पाप लेव्हिटच्या माथी मारणेही सोयीचेच आहे. ऑगस्ट 1957 मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे काळे दांपत्य पेनसिल्वेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये राहायला आले. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतले होते. लेव्हिटचा या व्यवहारात हात नव्हता. घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, दगड आले, खिडक्या फुटल्या, राज्य पोलिसांना यावे लागले. दगड मारणारे लोक रहिवासीच होते आणि त्यांची जबाबदारी त्यांचीच. तरी एक गोष्ट उरते. घराबरोबर गोरा शेजारही आपण विकत घेतला, अशी या लोकांची समजूत होती, आणि ती समजूत विकणारा लेव्हिट होता.

गोरे गिऱ्हाईक पाठ फिरवतील हे लेव्हिटचे भाकीत खरे होते का, याची परीक्षा तिसऱ्या लेव्हिटाउनमध्ये झाली. न्यू जर्सीत सरकारी साह्य असलेल्या घरांत भेदभावाला कायद्याने बंदी होती. एफएचएची हमी हे सरकारी साह्यच, असे 1960 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आता काळ्यांना घरे विकणे भाग पडले. वस्ती ओस पडली नाही. तिथे राहून अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी नोंदवले की कंपनीने आधीच तयारी केल्यामुळे बदल शांतपणे झाला. हे डोळ्यांनी पाहिलेल्या लेव्हिटने मग काय केले? मेरीलँडमध्ये, जिथे तसा कायदा नव्हता, बोवीच्या नव्या वसाहतीत पुन्हा फक्त गोऱ्यांना घरे विकली. 1963 मध्ये तिथे निदर्शने झाली. माझ्या लेखी बोवीने खटला संपतो. तिथे अनुभव त्याच्या हातात होता आणि भीतीला आधार उरला नव्हता.

न्यू जर्सीची ती वस्ती पुढे गोऱ्यांनी हळूहळू सोडली, म्हणून लेव्हिट बरोबर होता, असेही कोणी म्हणेल. गोऱ्यांची पळापळ थांबवायला नगरपालिकेने घरांवर ‘विकणे आहे’च्या पाट्या लावायला बंदी केली; 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी. 1948 मध्ये वंशबंदीच्या कलमांविरुद्ध लढलेल्या वकिलांपैकी ते एक होते. पण गोरे पळाले कुठे? आजूबाजूला अशीच शेकडो गोरी उपनगरे लेव्हिटच्या आणि त्याच्या अनुकरणकर्त्यांच्या रीतीने बांधून तयार होती. सगळीकडे दार उघडे असते तर पळायला जागा कुठे होती?

न्यू जर्सीच्या या वस्तीने 1963 मध्ये मतदान करून लेव्हिटाउन हे नाव टाकले आणि विलिंगबरो हे जुने नाव परत घेतले. आता लाँग आयलंडवरचे नावही काढावे, असे कोणी सुचवले तर माझा विरोध राहील. तिथे आजही काळे रहिवासी शेकडा एक-दोनच आहेत, आणि 7,990 डॉलरच्या घराची वाढत गेलेली किंमत ज्यांच्या मुलांच्या कॉलेजला आणि म्हातारपणाला उपयोगी पडली ते जवळपास सगळे गोरे होते. नाव राहू द्यावे आणि गावच्या इतिहासाच्या पाटीवर घरांच्या आकड्याखाली 25 वे कलम नोकरांच्या अपवादासकट छापावे.